मागणीबरहुकूम मुद्रण आणि शालेय दप्तर

गतवर्षीचे पंचांग कोणी विकत घेत नाही. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापावर पंचांग छापले. तेव्हापासून आजतागायत प्रत्येक छापखानदारास हे पक्के ठाऊक आहे की, वर्ष सरल्यावर उरलेले पंचांग रद्दीच्या भावानेच जावयाचे. यास्तव तो प्रतींचा अंदाज बेताने बांधतो. शाळेत लागणाऱ्या छापील नमुन्यांची गोष्ट याहून निराळी नाही. प्रगतिपत्रक, हजेरीपत्रक, शालेय पोषण आहाराचे तक्ते, प्रवेश अर्ज, पालकांची संमतिपत्रे या सर्वांना ठराविक आयुष्य असते. फरक इतकाच की, पंचांगाच्या मुखपृष्ठावर वर्ष छापलेले असते, नमुन्यावर ते नसते. त्यामुळे नमुना शिळा झाला हे कपाट उघडून गठ्ठा हाती घेईपर्यंत ध्यानात येत नाही.

शिक्षकबंधुभगिनींनो, या अपव्ययावर व्यापारी पेढ्यांनी व प्रकाशकांनी एक उपाय अवलंबिला आहे. त्यास मागणीबरहुकूम मुद्रण असे म्हणता येईल. जे लागेल ते, जेव्हा लागेल तेव्हा आणि जेवढे लागेल तेवढेच छापावयाचे, हे त्याचे सूत्र होय. आपल्या खेड्यांतील प्राथमिक शाळांना ही पद्धत कोठवर लागू पडते आणि कोठे मुळीच लागू करू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नमुने शिळे का होतात?

कोणी असे म्हणेल की, कोरा नमुना नासत नाही, तो पुढील वर्षी वापरता येईल. अनुभव याच्या उलट आहे. गेल्या काही वर्षांतील बदलच पाहावेत. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अंमलात आला आणि त्याच वर्षी आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. परिणामी, केवळ गुणांचे रकाने असलेली जुनी प्रगतिपत्रके निरुपयोगी झाली. पुढे २०२३-२४ या वर्षापासून पाचवी व आठवीच्या वर्गांना वार्षिक परीक्षा लागू झाली आणि त्या दोन इयत्तांच्या निकालपत्रकांत पुन्हा फेरफार करावा लागला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून नवा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून पहिलीच्या वर्गास लागू झाला असून तो टप्प्याटप्प्याने पुढील इयत्तांत येत आहे. अर्थात मूल्यमापनाची पत्रकेही इयत्तावार बदलत जाणार हे उघड आहे.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर सर्वांत ठळक उदाहरण नावाचेच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव असे झाले. त्या दिवशी ज्या ज्या कपाटात जुन्या नावाची छापील पत्रे, पाकिटे आणि नमुने मोठ्या संख्येने होते, तेथे प्रत्येक कागदावर हाताने दुरुस्ती करणे किंवा तो बाजूला टाकणे एवढाच मार्ग उरला. ज्याने मोजकेच नमुने छापून ठेवले होते, त्याला मूळ प्रतीतील एक शब्द बदलणे पुरेसे झाले.

दुसरे उदाहरण मार्च २०२४ मधील आहे. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या नावाची नोंद शासकीय दस्तऐवजांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव या क्रमाने करावी, असा निर्णय राज्य शासनाने घेतला. ही बालके काही वर्षांतच आपल्या पहिलीच्या वर्गात येतील. आईच्या नावास जागा नसलेले प्रवेश अर्ज आज शेकड्यांनी छापून ठेवणे म्हणजे उद्याची रद्दी आज विकत घेणे होय.

यात दोष कोणाचाच नाही. समाज बदलतो, कायदे बदलतात, अभ्यासक्रम सुधारतात आणि तसे ते सुधारलेच पाहिजेत. छापील गठ्ठा मात्र आपला जागच्या जागी राहतो.

स्वस्त प्रत महाग कशी पडते?

मोठ्या संख्येने छापून घेण्याचा मोह का होतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे. ऑफसेट यंत्रावर छापताना प्रथम पत्रा तयार करावा लागतो, यंत्र जुळवावे लागते, शाई व कागद यांचा मेळ बसवावा लागतो. हा खर्च एक प्रत काढा वा हजार काढा, सारखाच येतो. त्यामुळे प्रती जसजशा वाढतात, तसतशी प्रत्येक प्रतीची किंमत उतरते. छायाप्रत काढण्याच्या किंवा संगणकास जोडलेल्या यंत्रात हा प्रारंभीचा खर्च जवळजवळ नसतो. तेथे पहिल्या प्रतीस जो दर, तोच शंभराव्या प्रतीस.

हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. यातील दर केवळ समजुतीसाठी धरलेले आहेत, शिक्षकांनी आपल्या बाजारातील दर घालून हाच हिशेब करून पाहावा. समजा, ऑफसेट छपाईचा प्रारंभीचा खर्च १,५०० रुपये आणि पुढे प्रत्येक पानास ४० पैसे पडतात. एका केंद्रातील शाळांना मिळून एका नमुन्याच्या वर्षाला २०० प्रती लागतात. दोनशेच छापल्या तर खर्च १,५८० रुपये, म्हणजे प्रत ७ रुपये ९० पैशांस पडेल. दोन हजार छापल्या तर एकूण २,३०० रुपये लागतील आणि प्रत १ रुपया १५ पैशांस पडेल. साहजिकच दोन हजार छापण्याचा सल्ला मिळतो. दोन वर्षांत ४०० प्रती वापरल्या जातात आणि तिसऱ्या वर्षी नमुना बदलतो. उरलेल्या १,६०० प्रती वाया जातात. आता खऱ्या किमतीचा हिशेब करू. वापरलेल्या ४०० प्रतींसाठी आपण २,३०० रुपये मोजले, म्हणजे प्रत ५ रुपये ७५ पैशांस पडली. हीच प्रत छायाप्रतीच्या यंत्रावर २ रुपयांस मिळत असती, तर ४०० प्रतींस ८०० रुपये पुरले असते.

छापलेल्या प्रतींनी किमतीस भागणे ही फसवी रीत होय. वापरलेल्या प्रतींनी भागले पाहिजे. हा भागाकार चौथीच्या वर्गातील मुलासही करता येईल, परंतु मोठ्या माणसांच्या ध्यानात तो राहत नाही.

याच हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वरील दराने सुमारे ९४० प्रतींच्या पुढे ऑफसेट छपाई स्वस्त पडू लागते. ज्या मजकुराची गरज खरोखर हजारांनी आहे आणि जो लवकर बदलणार नाही, तो ऑफसेटवरच छापणे शहाणपणाचे ठरते. बालभारती, म्हणजे पुणे येथे १९६७ मध्ये स्थापन झालेले आपले पाठ्यपुस्तक मंडळ, लाखो मुलांसाठी पुस्तके काढते, तेथे एकेक प्रत मागणीनुसार छापणे परवडणार नाही. तेथेही गरजेचा अंदाज अनुभवानेच दुरुस्त करावा लागतो. २०२३-२४ मध्ये दप्तराचे ओझे कमी व्हावे या हेतूने पाठ्यपुस्तकांत नोंदींसाठी कोरी पाने घालण्यात आली. तथापि मुलांच्या वह्या सुटल्या नाहीत, म्हणून २०२५-२६ पासून ती पाने वगळण्यात आली. हेतू चांगला असला तरी वापर होतो की नाही हे पाहूनच कागद खर्ची घालावा, हा बोध त्यातून घेता येतो.

ही सोय कशी निर्माण झाली?

आज तालुक्याच्या बाजारपेठेत झेरॉक्सचे दुकान नाही असे होत नाही. या यंत्राचे मूळ २२ ऑक्टोबर १९३८ या दिवसापर्यंत जाते. अमेरिकेतील चेस्टर कार्लसन या गृहस्थाने त्या दिवशी स्थिर विद्युत आणि कोरडी भुकटी यांच्या साहाय्याने पहिली छायाप्रत काढली. विद्युतभारित पृष्ठभागावर प्रकाश पडला की तेथील भार नाहीसा होतो, जेथे मूळ कागदावरील काळी अक्षरे आहेत तेथे तो टिकून राहतो. त्या भारास काळी भुकटी चिकटते, ती कागदावर उतरविली जाते आणि उष्णतेने वितळवून पक्की केली जाते. या तत्त्वावरील साध्या कागदावर छापणारे कार्यालयोपयोगी यंत्र १९५९ साली बाजारात आले. तत्पूर्वी आपल्याकडे मेणकागदावर अक्षरे कोरून सायक्लोस्टाइल यंत्रावर प्रती काढीत असत, हे वडीलधाऱ्या शिक्षकांस आठवत असेल.

पुढे याच तत्त्वास संगणकाची जोड मिळाली. १९९७ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यात इंग्रम या पुस्तकवितरण पेढीने मागणी आली की पुस्तकाची एकच प्रत छापण्याचा व्यवसाय सुरू केला. पुस्तकांचे ढीग गुदामात साठवून न खपलेल्या प्रती नष्ट करण्यापेक्षा मूळ मजकूर संगणकात सांभाळावा आणि गिऱ्हाईक आल्यावर प्रत काढावी, हा त्यामागील विचार. शाळेच्या नमुन्यांस हाच विचार लावावयाचा आहे. गुदाम छापील कागदाचे नको, मूळ प्रतींचे असावे.

कागदांचे तीन वर्ग

मागणीबरहुकूम मुद्रणाचा अर्थ सर्वच कागद कमी करणे असा कोणी घेऊ नये. शाळेच्या दप्तराचे तीन वर्ग पाडावेत.

पहिला वर्ग कायम अभिलेखांचा. प्रवेश-निर्गम नोंदवही आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यांचे स्थळप्रतीसह पुस्तक यांत काटकसर करू नये. ही दप्तरे बांधीव, पृष्ठांकित व जाड कागदाचीच असावीत. दाखला सुट्या कागदावर छापून देण्याची सवय लागली की क्रमांकाची साखळी तुटते आणि खोट्या दाखल्यास वाट मिळते. या नोंदींचे मोल किती, हे मराठवाड्याने नुकतेच पाहिले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या कामानिमित्त कुणबी नोंदींच्या शोधासाठी निजामकालीन महसुली व शैक्षणिक कागद तपासले गेले. १९४८ पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील एखाद्या गुरुजींनी टाकाने लिहिलेली ओळ पाऊणशे वर्षांनंतर एखाद्या कुटुंबास पुरावा म्हणून लागते. ती ओळ लिहिताना त्यांस याची कल्पनाही नसेल. आपण आज लिहीत असलेल्या ओळीविषयीही हेच खरे आहे.

उमरगा परिसराने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप सोसला आहे. घर कोसळते तेव्हा पेटीतील कागदही त्याखाली जातात आणि माणसाच्या जन्मतारखेचा आधार म्हणून शाळेची नोंदवही पुढे येते. यास्तव कायम नोंदवहीच्या पानांची छायाचित्रे संगणकात घेऊन त्यांची एक प्रत शाळेबाहेर सुरक्षित ठिकाणी ठेवावी.

दुसरा वर्ग ठराविक काळापुरत्या पत्रकांचा. हजेरीपत्रके, प्रगतिपत्रके, मूल्यमापनाच्या नोंदी, पोषण आहाराचे तक्ते हे यात येतात. मागणीबरहुकूम मुद्रणाचे खरे क्षेत्र हेच होय. पट पाहून, एका सत्रापुरते, फार तर एका वर्षापुरते नमुने काढावेत.

तिसरा वर्ग क्षणिक माहितीचा. वरून मागविलेली माहिती, सभेच्या सूचना, आधीच संगणकावर भरलेल्या आकड्यांच्या प्रती हे कागद बहुधा छापण्याचीच गरज नसते. २०१५ पासून ‘सरल’ प्रणालीत आणि पुढे यू-डायस प्लसवर शाळेची माहिती भरली जाते. २०२२-२३ पासून यू-डायस प्लसवर प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होते. हीच माहिती पुन्हा तीन प्रतींत कागदावर उतरवून तालुक्यास पाठविणे म्हणजे विहिरीतून काढलेले पाणी पुन्हा विहिरीत ओतणे होय. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० याने इलेक्ट्रॉनिक अभिलेखास मान्यता दिलेली आहे, हेही ध्यानात असावे.

केंद्रशाळेतील व्यवस्था

एकशिक्षकी वा द्विशिक्षकी शाळेने स्वतंत्र मुद्रणयंत्र बाळगणे परवडणारे नाही. शाई वाळते, वीज जाते, दुरुस्तीस माणूस मिळत नाही. तुरोरी, गुंजोटी, येणेगूर, नाईचाकूर अशा गावांच्या आसपासच्या लहान शाळांतील शिक्षकाने चार कागदांसाठी उमरग्यास किंवा मुरूमला खेप घालणे हाही अपव्ययच होय, कारण तेवढा वेळ वर्ग गुरुजींविना बसतो. म्हणून केंद्रशाळा हे यासाठी योग्य ठिकाण आहे. तेथील व्यवस्था पुढीलप्रमाणे ठेवता येईल.

प्रथम, सर्व नमुन्यांच्या मूळ प्रती एका ठिकाणी संगणकात ठेवाव्यात आणि त्यांची यादी भिंतीवर लावावी. नमुन्यात बदल झाला की जुनी मूळ प्रत वेगळ्या जागी हलवावी, म्हणजे चुकून ती छापली जाणार नाही.

दुसरे, प्रत्येक नमुन्याच्या तळाशी त्याचा क्रमांक आणि सुधारणेची तारीख बारीक अक्षरांत छापावी. पंचांगावर वर्ष असते तसे. हातातील नमुना ताजा की शिळा, हे त्यामुळे एका दृष्टिक्षेपात कळते.

तिसरे, केंद्रसंमेलनाच्या किंवा शिक्षण परिषदेच्या दिवशी प्रत्येक शाळेने पुढील महिन्याची मागणी पटसंख्येनुसार लेखी द्यावी व मागील मागणीचे नमुने घेऊन जावेत. शेकडा पाच जादा प्रती चुकीसाठी पुरेत. वेगळी खेप घालण्याचे कारण उरणार नाही.

चौथे, जेथे शक्य असेल तेथे पाठपोट छपाई करावी. ८० ग्रॅम वजनी कागदाचे ए-४ आकाराचे पान सुमारे पाच ग्रॅम भरते, ५०० पानांचे रीम अडीच किलो. वर्षाला दहा रीम वापरणाऱ्या केंद्राने बहुतेक काम पाठपोट केले, तर दहा-बारा किलो कागद सहज वाचतो.

पाचवे, कोणत्या कागदास कोणते यंत्र योग्य, हे ओळखावे. भुकटीने छापलेली अक्षरे पाण्याने पुसली जात नाहीत, परंतु प्लास्टिकच्या पिशवीत दीर्घकाळ राहिल्यास ती प्लास्टिकला चिकटून उचलली जातात. अनेक पातळ शाया ओल लागताच फुटतात. दुकानातील पावतीसारखा उष्णतेने उमटणारा कागद काही महिन्यांत फिका पडतो. खर्चाची प्रमाणके अशा कागदावर असल्यास त्यांची छायाप्रत काढून ती मूळ पावतीस जोडावी, अन्यथा लेखापरीक्षणाच्या वेळी कोरा कागद हाती येईल.

रद्दीविषयी सावधगिरी

एका बाजूने कोरे राहिलेले जुने नमुने टाकून देऊ नयेत. चित्रकला, शुद्धलेखन, गणिताचा सराव, शब्दपट्ट्या यांस ते उत्तम. चौपदरी घडी घालून शिवले की पहिलीच्या मुलांस छोटी वही होते.

परंतु ज्या कागदावर मुलाचे नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, बँक खाते, जात अथवा आजार यांची नोंद आहे, तो कागद रद्दीत जाता कामा नये. चिवड्याच्या पुडीवर एखाद्या विद्यार्थिनीची संपूर्ण माहिती वाचावयास मिळणे ही शाळेस लाजिरवाणी गोष्ट आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा केला आहे. तो नसता तरी मुलांच्या पालकांनी आपल्यावर टाकलेला विश्वास हाच पुरेसा कायदा होता. जतन करण्याची मुदत संपलेले असे कागद रीतसर नोंद करून बारीक फाडून नष्ट करावेत. मागणीपुरतेच छापले तर असे कागद मुळातच कमी निर्माण होतात, हा या पद्धतीचा आणखी एक लाभ.

दप्तर लावून ठेवणे हेही यातच येते. सापडत नाही म्हणून तोच कागद पुनःपुन्हा छापला जातो, हे सर्वांच्या पाहण्यातील आहे. १९८० च्या दशकात तत्कालीन अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयीन अभिलेख लावण्याची जी पद्धत घालून दिली, ती लखिना पद्धती म्हणून राज्यभर परिचित झाली. तिचे मर्म साधे आहे: प्रत्येक कागदास ठरलेली जागा आणि मुदत असावी. शाळेच्या एका कपाटासही हे मर्म लागू पडते.

कार्यालयांचे उत्तरदायित्व

वरील सर्व सूचना शिक्षकांनीच पाळाव्यात आणि कार्यालयांनी पूर्ववत तीन तीन प्रती मागत राहावे, हे न्याय्य नव्हे. आम्हा पर्यवेक्षीय अधिकाऱ्यांवर याची मोठी जबाबदारी आहे. जी माहिती संगणकावर उपलब्ध आहे, ती कागदावर मागू नये. एकच माहिती दोन शाखांनी मागितली असल्यास त्या शाखांनी परस्परांत देवघेव करावी. नमुना बदलावयाचा झाल्यास तो शैक्षणिक वर्षाच्या मध्यात न बदलता आरंभी बदलावा. एवढे झाले तर निम्मा कागद न छापताच वाचेल.

समग्र शिक्षा योजनेच्या निकषांनुसार ३० पर्यंत पट असलेल्या शाळेस वर्षाकाठी १०,००० रुपये आणि ३१ ते १०० पटाच्या शाळेस २५,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान अनुज्ञेय आहे. त्यातूनच स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती, वीज व साहित्य भागवावयाचे असते. एवढ्याशा रकमेत निरुपयोगी नमुन्यांवर गेलेले हजार रुपये म्हणजे मुलांच्या हाती न पडलेली वाचनाची वीस-पंचवीस लहान पुस्तके होत. कागदाच्या काटकसरीचा प्रश्न तेथे केवळ हिशेबाचा राहत नाही, तो शिक्षणाचा होतो.

येत्या शैक्षणिक वर्षारंभी प्रत्येक मुख्याध्यापकाने आपल्या कपाटातील कोरे नमुने एकदा मोजावेत, त्यांपैकी चालू किती व शिळे किती याची यादी करावी आणि ती केंद्रप्रमुखांकडे द्यावी, अशी विनंती आहे. त्या यादीवरून केंद्राची पहिली मागणी ठरविता येईल.